पाचरी काढायच्या दिवशी

९ फेब्रुवारी १९८७

चुन्याची कळी, दहा गोणी – ३५० रु. चुन्यात घालायचा गूळ, एक ढेप – ४५ रु. हमाली – १२ रु.
ह्यांनी मागवलेला माल आज आला! हे गेल्याला सतरा दिवस. टेंपोवाल्याने विचारलं, शेठ कुठे? सांगितलं. पैसे घ्यायला कचरला. मोजून दिले.
काळूराम गवंडी येऊन गेला. वळ गावच्या ओढ्यावरचा दगडी पूल पुरा करायचा, की थांबायचं? कमानीचे वरचे थर तेवढे राहिलेत. म्हटलं, करा.

१८ फेब्रुवारी

कमानीचा शेवटचा, मधला दगड बसला. नारळ काळूरामने फोडला. मी लांब उभी. खालचा लाकडी सांगाडा पंचेचाळीस दिवस हलवायचा नाही – ह्यांचा नियम.

२ मार्च

तात्या आले होते, देवस्थानचे पंच. होळीआधी सांगाडा काढा, पालखी पुलावरून न्यायची आहे. सिमेंटचा स्लॅब टाकला असता तर एव्हाना वर पत्ते खेळत बसलो असतो म्हणे. म्हटलं, खाडीचं खारं पाणी सळया खातं, मग ओढ्यात बसून खेळाल. ते हसले. मला हसू आलं नाही.
जप झाला. रडू येत नाही.

२९ मार्च

काळूरामने आज सांगितलं. पाचरी काढून सांगाडा सोडवताना बांधणाऱ्याने कमानीखाली उभं राहायचं. हे प्रत्येक पुलाला राहिले. एकवीस वर्षांत मला एकदाही बोलले नाहीत! जेवायला उशीर केला म्हणून मी चिडायची.
"हरीला बोलवून घ्या, वैनी. घरचाच मानूस पायजे."
एकुलता एक. नाशिकला नोकरी लागून वर्ष नाही झालं. वरचे थर ह्यांच्या नजरेखाली झालेले नाहीत. चुना धरला का? काळूराम म्हणतो, धरला असंल.
असंल!
हरीला पत्र लिहायला घेतलं. फाडलं.

४ एप्रिल

मीच गेले.
तात्या म्हणाले, "बाईमाणूस, आणि त्यातून…" पुढचं गिळलं. काळूरामने माझ्या चपला उचलून बाजूला ठेवल्या.
पाचरी एकेक ठोकून काढल्या. कमान अर्धं बोट खाली बसली. जुन्या पलंगावर कुणी बसावं तसा आवाज. डोक्यावर चुन्याची भुकटी पडली. काळूराम ओरडला, "वैनी, भाईर या!" मी हलले नाही.
पूल उभा आहे.

६ एप्रिल

सगळे म्हणतात, वैनींचा देवावर केवढा विश्वास! इथे खरं लिहिते. कमान पडावी, असं मला वाटत होतं.
पडली नाही. आज आमटी खारट लागली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा चव कळली.
हरीला कार्ड टाकलं – "कोन गावच्या लोकांनाही पूल हवा आहे. मी हो म्हटलं. वडिलांचा ओळंबा तू नेला आहेस, तो मला लागेल. कधी आणतोस ते उलट टपाली कळव."