मार्सियानो, लुई आणि नत्थूजी

४ मे १९५६, शुक्रवार
वाचनालयात आज पुन्हा वाद. रॉकी मार्सियानो एकदाही न हरता निवृत्त झाला. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय. मी म्हणालो, आजवरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा. सेक्रेटरी चंपतराव म्हणजे आधीचा विजेता जो लुई याचे भक्त. म्हणाले, थकलेल्या लुईला पाडलं त्यानं, सदतीस वर्षांच्या माणसाला तर तुम्हीही पाडाल, मास्तर. सगळे हसले. मी स्वतः चव्वेचाळीसचा, त्यामुळे उशिरा हसलो.
प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सुटेल. मी व्याख्यान देणार, तारीख २७. शाळेला सुट्टी आहे, मी बी.ए. आहे, आणि प्रांतिक बॉक्सिंग सामन्यांत पंच होतो. या वाचनालयात असा दुसरा माणूस नाही.
संकल्प: रोज सकाळी सहा ते सात तक्ता. भावनेला थारा नाही.

६ मे, रविवार
सव्वाआठला उठलो. उन्हाळा.
दहा रकाने केले. ताकद, पायांची चाल, सहनशक्ती, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा वगैरे. मार्सियानो साडेएक्क्याऐंशी, लुई सव्वाएक्क्याऐंशी. बेरीज चार वेळा केली. चारदा तीच आली, तरी समाधान नाही.
उत्तरा म्हणाली, तुमचा निकाल आधीच ठरलाय, मग बेरीज कशाला? बायकोला पद्धत समजावणे कठीण.

९ मे
आज वाचनालयात नत्थूजी आला. गोळीबार चौकाकडचा विणकर. अठरा वर्षांपूर्वी बॉक्सिंग खेळायचा. मी ओळखलं नाही असं दाखवलं, पण त्याने सरळ येऊन नमस्कार केला. म्हणाला, मास्तर, एका व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकवाची जागा निघाली हाये. मी फायनल खेळलो हे कोणी लिहून दिलं तं काम होते. तुम्ही पंच होते. दोन वळी लिहून द्या. अठ्ठावीस तारखेपर्यंत. मागावर आता भागत नाही, खांदाबी भरून येते.
मी म्हणालो, अवश्य. उद्याच.
चंपतराव मोठ्याने म्हणाले, यालाही तक्त्यात घ्या, मास्तर! नत्थूजी हसला. मला हसता आलं नाही.

१० मे
दोन ओळी लिहायला बसलो. "नत्थूजी १९३८च्या प्रांतिक सामन्यांच्या अंतिम लढतीत खेळला व अर्ध्या गुणाने पराभूत झाला." फाडलं.
ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. तो पराभूत झाला की नाही, मला माहीत नाही. दोन पंचांची मतं फुटली होती, माझा कागद निर्णायक होता. तिसऱ्या फेरीत मी दुसऱ्या फेरीचे गुण पुन्हा जुळवत होतो. अर्ध्या गुणाची शंका आली होती. काम चोख असावं एवढाच हेतू. मान वर केली तेव्हा घंटा वाजत होती. शेवटचं मिनिट मी पाहिलंच नाही. समोरचा पोरगा कॉलेजातला होता, शैलीदार खेळायचा. अंदाजाने त्याला अर्धा गुण जास्त दिला.
नत्थूजी त्यानंतर कधी रिंगणात उतरला नाही.
बेफिकिरीने चूक झाली असती तर गोष्ट वेगळी. माझी काळजीने झाली.

१३ मे
"पराभूत" हा शब्द गाळून लिहिलं. पण मग सत्य लपवल्यासारखं होतं. "विजयी व्हायला हवा होता" असंही लिहिता येत नाही, कारण पाहिलंच नाही. फाडलं.
तक्त्यात मात्र प्रगती. "अपराजित" या रकान्याचे गुण पाचने वाढवले.

१६ मे
सीताबर्डीवर नत्थूजी पुढे चालताना दिसला. डावा खांदा किंचित उचललेला, रिंगणात असायचा तसाच. मी रस्ता ओलांडून पळालो. पुढे वळून पाहिलं तर तो कोणी दुसराच. केळी घेत होता.
दुपारी न्हाव्याच्या आरशात माझ्या मागे तोच उभा. तोही दुसराच होता. न्हावी म्हणाला, मास्तर, मान हलवू नका, कापून टाकीन.

१८ मे
उत्तरा मागच्या अंगणात वर्षाचं तिखट कुटत होती. धप, धप. मध्ये थांबायची, मग पुन्हा दोनदा धप. ठोसे मलाच बसल्यासारखे वाटले. म्हटलं, थांबव. म्हणाली, थांबवते, मग वर्षभर पांढरी भाजी खा.
तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, समजूत घालील. म्हणाली, अहो, त्या माणसाने दोन ओळी मागितल्यात, तुम्ही त्याच्याकडे माफी कशाला मागून राहिलात?
संकल्प: मी सगळं जाहीर सांगणार. व्याख्यानाच्या शेवटी, सर्वांसमोर. तिथेच पत्र त्याच्या हातात देणार. असं केलं की दोन्ही कामं होतात.

२२ मे
नवा रकाना: "पंचांचा दोष". ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याला दर लढतीमागे अर्धा गुण परत. पण लुईचे चाहते त्याच्यासाठीही मागतील, जुन्या विजेत्या डेम्पसीचेही. लुई पुढे गेला. रकाना खोडला. मार्सियानो पुन्हा पहिला.
पत्र चार पानांचं झालं आहे. भाषा साधली आहे.

२७ मे, रविवार, रात्री साडेआठ
व्याख्यान उत्तम. चाळीस श्रोते, काही उभे. एक तास पन्नास मिनिटं बोललो. १९३८ पर्यंत येणारच होतो, तोच चंपतरावांनी घंटी वाजवली. पाणी प्यायलो, तेवढ्यात आभार सुरू झाले.
नत्थूजी दाराजवळ उभा होता. स्वच्छ सदरा. चंपतराव पुन्हा बोलले, काय गा नत्थूजी, तुझा नंबर कितवा? तो म्हणाला, मले नंबर नाई पाहिजे, मले कागद पाहिजे. लोक हसले. माझ्या खिशात चार पानं होती. पण तिसऱ्या पानावर एक वाक्य संदिग्ध होतं. म्हणालो, उद्या सकाळी पोचवतो.
उद्या अठ्ठावीस. वेळ आहे.

२८ मे
वाक्य दुरुस्त केलं. त्यामुळे आधीचं वाक्य खोटं वाटू लागलं. पानं पुन्हा लिहिली. पाच झाली. लिहून संपलं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, व्यायामशाळेचं ऑफिस बंद असणार. तरी एक दिवस इकडेतिकडे कोण पाहतो?

३० मे, बुधवार
सकाळी नत्थूजीच्या घरी गेलो. माग चालू होता. त्याची बायको रुख्मिणी दारात चरख्यावर सूत भरत होती. म्हणाली, बसा मास्तर. जागा काल भरली. बाहेरगावचा माणूस घेतला.
मी पाच पानं वाचून दाखवली. उभ्याने. शेवटचं मिनिट मी पाहिलं नव्हतं, हे डोळे पुसत दोनदा वाचलं.
नत्थूजीने माग थांबवला. म्हणाला, मले माहीत हाये. तुम्ही खाली मान घालून लिहून राहिले होते. मी पाहिलं. समोरचा थकला होता. पण म्हटलं, मास्तर पाहून नाई राहिले, आता मारून काय फायदा? तुम्ही मान वर काढान म्हणून थांबलो. तेवढ्यात त्यानं मले दोन ठेवून दिले. मग घंटा वाजली.
म्हणजे ती फेरी तो हरलाच होता. माझा निकाल बरोबर होता. अठरा वर्षं मी याचीच वाट पाहत होतो. पण आनंद झाला नाही. झालं त्याला कुठल्या रकान्यात टाकावं, कळेना.
रुख्मिणीने चहा दिला. म्हणाली, काहून रडता, मास्तर? पुढच्या वर्षी दुसरीकडे जागा निघन. आत्ताच दोन वळी लिहून द्या, हे जपून ठेवतीन.
मी पाचव्या पानाची कोरी बाजू घेतली. पेन काढलं. लिहिलं: "नत्थूजी हा दिनांक". मग आठवेना. फेब्रुवारीची बारा की तेरा? चुकीची तारीख घातली तर उद्या कोणी कागदच खोटा म्हणेल. म्हणालो, जुने कागद पाहून नीट लिहून आणतो.
रुख्मिणी नवऱ्याकडे पाहू लागली. तो मागाच्या खड्ड्यात पुन्हा उतरला. म्हणाला, जाऊ दे वं, मास्तराले चहा पिऊ दे.
मागाचा धोटा पुन्हा इकडून तिकडे धावू लागला. मी चहा संपवला. कप कुठे ठेवायचा, हे मला कोणी सांगितलं नाही.