कोलूच्या पोटावरचा बाण

११ फेब्रुवारी, मंगळवार
दोन ऑपरेशनांमधला वेळ पन्नास मिनिटांवरून बावीसवर आला! तीस वर्षं थिएटर सांभाळते, असं कधी झालं नव्हतं. टेबल पुसणं, ट्रे लावणं, पुढचा पेशंट दाराशी — सगळं एकाच वेळी. दुर्गा तेवढी मागे पडते. नवी नर्स. सारखं आपलं "बाई, एक मिनिट —". मिनिट कुठून आणू?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कोलू. आलापल्लीच्या पुढच्या गावचा, साठीचा. हर्निया उजवीकडे. काल डॉक्टरांनी पोटावर पेनानं बाण काढला होता. मी त्याच्या बायकोला, सोमारीला, बजावलं — साबणानं घासून आंघोळ घाल, मळ दिसला तर आत घेणार नाही. तिनं इतकं घासलं की बाणही गेला.

आडवं झाल्यावर गाठ आत जाते, दिसत नाही. दुर्गा म्हणाली, "बाई, बाण दिसून नाई राह्यला. साहेबाले विचारू का?"

"यादीत आहे. चल."

यादीत ‘डावी’ होतं. यादी माझ्या हातची.

डॉक्टरांनी डावीकडे उघडलं. काहीच नाही. त्यातच बीपी घसरलं. टाके घालून बाहेर काढला.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर सोमारीला म्हणाले, "ऑपरेशन झालं. थोडं उरलंय, महिन्यानं आणा."
मी शेजारीच. मान हलवली. मी!

२० फेब्रुवारी
कोलू घरी गेला. जाताना सोमारी — "बाई, साफ धुतलं होतं ना?" हो म्हणाले.

२ मार्च, रविवार
कोलू गेला. उजवीकडे आतडं अडकलं. दोन दिवस कळा, उलट्या — तरी घरीच ठेवला होता. सोमारी म्हणाली, "आपरेशन झालं म्हनलं होतं ना बाई. टाक्याचं दुखते वाटलं." आणला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वॉर्डात कुणीतरी तिला बाणाचं सांगितलं. तिनं मला विचारलं, "मी जास्त घासलं, म्हनून का?"

मी औषधांच्या कपाटाकडे वळले. तिथे काय शोधत होते, कोण जाणे.

३ मार्च
चौकशीचा कागद तयार. "नातेवाइकांनी खूण पुसली." खाली माझ्या सहीची जागा. सही केली नाही.

दुर्गाला बोलावलं. त्या दिवशी पुन्हा का नाही बोललीस?

"एकदा बोलली ना बाई. तुमच्यासमोर दुसऱ्यांदा कोन बोलते?"

४ मार्च
पहाटेची बस. सोमारीच्या गावी. दुर्गा सोबत — तिला गावातली माडिया बोली येते. वाटेत विचारलं तिनं, "सगळंच सांगू का बाई? यादीचंही?"

"ते आधी."