तोफेच्या रेषेतली गच्ची

तीर्थस्वरूप आत्यास,

गडाच्या माथ्यावरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिने चढू देतो का आता? (नसेल देत तर पुढचं बसून वाच.)

तुला ठाऊकच आहे, माझं लग्न मुलीच्या आईपाशी अडलंय. गाईडचं काम म्हणजे नुसती बडबड, असं त्यांचं मत. म्हणून मीच त्यांना गडावर बोलावलं. पाहुण्यांच्या घोळक्यात त्या अगदी पुढे. मी नेहमीसारखा शहराकडे पाठ करून (पाहुण्यांकडे तोंड केलं की पाठ तिकडेच होते) हात पसरून सुरू झालो: खाली चिमुकलं बंदर, समुद्रातून येणारे शत्रू, आणि लेकरांवर पदर धरावा तसा हा गड. माझेच डोळे पाणावले गं. तेवढ्यात त्या एका तोफेमागे गेल्या (फोटोसाठी सगळे पुढे उभे राहतात, मागे कुणी फिरकत नाही), एक डोळा मिटून नळीच्या रेषेत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ही तर आमच्या गच्चीवर रोखलीय. माझ्या चादरी दिसतायत."

मी पाहिलं. खरंच दिसत होत्या. धावत सगळा तट फिरलो, तर समुद्राकडे दोनच तोफा, बाकी झाडून साऱ्या शहरावर! गडाच्या कचेरीतल्या आमच्या साहेबांना विचारलं. ते चहा ढवळत म्हणाले, की हो, शहराने बंड केलं होतं, म्हणून तर राजाने गड बांधला. पाहुण्यांना ते रुचत नाही, एवढंच. पण आत्या, तेव्हा मी पहिल्यांदा खाली नीट पाहिलं. एवढ्या तोफा डोक्यावर असताना लोकांनी पिढ्यान्पिढ्या घरं बांधली, मजले चढवले, पोरं वाढवली, आणि ह्या इथे गंजून गेल्या! पाहुण्यांपुढे परत येऊन चूक कबूल केली आणि जे दिसलं ते सांगितलं.

वाटलं, लग्न गेलं. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घराने त्या तोफेसमोर कपडे वाळवले. जावयाला काय घाबरायचं?" ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तुझा भाचा

ता.क. विचार करून कळवते म्हणाल्या. होकार असेल तर गच्चीवर पिवळी चादर, नकार असेल तर पांढरी. (तोफेचा काहीतरी उपयोग होऊ दे, म्हणे.) मी रोज सकाळी नळीमागे डोळा लावून बसतो. साहेबांना वाटतं, अभ्यास चाललाय.

आणखी एक. आज दोन्ही वाळतायत. आत्या, गुडघा कसाही असो, मिळेल त्या गाडीने ये.