औषधाची ज्वारी

मानोरा, मंगळवार, संध्याकाळ. १९७४

शेठच्या धान्याच्या गोदामात ती चिठ्ठी मीच लिहिली होती. 'औषध लावलेली ज्वारी. चाचणीसाठी. मिसळू नये.' टोपलीला टाचण्याआधी अक्षरे दोनदा तपासली. धान्य निवडणाऱ्या तिघी बायांपैकी एकीलाही वाचता येत नाही, हे मनात कसे आले नाही?

किडीच्या या नव्या औषधाला जुन्यासारखा लाल रंग नाही; ज्वारी साधीच दिसते. त्या तिघींतल्या जनाआत्याने टोपली खाण्याच्या ज्वारीच्या ढिगात ओतली. सुटी झाल्यावर त्याच ढिगातून बायांना मजुरीची ज्वारी दिली गेली. मला टोपली रिकामी दिसली ती त्यानंतर. शेठ म्हणाले, "एका टोपल्यानं काय होते? उरलेल्या ज्वारीचे पोते शिवून टाक." मी सुई तशीच ठेवून जनाआत्याचे घर गाठले. ज्वारी दळून आली होती.

"आत्या, हे पीठ नका खाऊ. त्यात जहर आहे."

"मंग तोंडानं काहून नाई सांगितलं, बापा?"

"चिठ्ठी लावली होती."

"मले वाटलं, भाव लिवला असन."

तिने पीठ खड्ड्यात पुरले. मी आमच्या घरचे पीठ तिला नेऊन दिले.

पण बाकीच्या दोघी, बंजारा तांड्यावरच्या, आपली ज्वारी घेऊन कधीच्या निघून गेल्या. रोज दुपारभर त्यांच्या शेजारी बसतो मी, एक शब्द बोललो असतो तर? चिठ्ठी मात्र किती नीट लिहिली.

शेजाऱ्यांची सायकल मागितली आहे, ते चाकात हवा भरत आहेत, तोवर हे लिहितो आहे. बाहेर अंधार पडला. तांड्यावर चुली आतापर्यंत पेटल्या असतील. पोरे आधी जेवतात.