मोठ्या बाईंची बायको

६ जानेवारी

माझ्या अंगणात मोजमाप! माझ्या डोळ्यांदेखत!

सकाळी धूळ एवढी की समोरचं आंब्याचं झाड दिसत नव्हतं. मी व्हरांडा झाडत होते. बघते तर ओकेके — माझा धाकटा दीर — गवंड्याला घेऊन माझ्या उंबऱ्यापासून माझ्या नवऱ्याच्या, न्वाफोरच्या कबरीपर्यंत टेप ताणतोय. काय चाललंय, विचारलं. तर म्हणे, "काही नाही वहिनी, असंच. भिंत कुठून घालायची ते बघून ठेवतोय. तुम्ही आहात तोवर राहा की! तुम्हाला कोण हाकलतंय?"

मी आहे तोवर! म्हणजे मी मरायची वाट बघतोय, तीही टेप घेऊन.

न्वाफोरला जाऊन सहा वर्षं झाली. मूल नाही. मूल नसलेल्या विधवेचं घर शेवटी दिराचं, ही इथली रीत शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण आणखी एक जुनी रीत आहे, ती ओकेके विसरला. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मोठ्या बाई होते मी. लोक जे विसरतात त्याची आठवण करून द्यायची, हेच तर काम केलं.

७ जानेवारी

ठरलं. मी बायको करणार.

१९ जानेवारी

अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलगी बघायला गेले! मुलाकडची मीच आणि मुलगाही मीच. सोबत मामेभाऊ ओन्वुका, त्याच्या डोक्यावर मागणीच्या ताडीचा घडा. वाटेत दहा वेळा म्हणाला, "ताई, अजून परत फिरू या. लोक तोंडात शेण घालतील." म्हटलं, घडा सांभाळ, सांडतोय.

माझ्या आजीच्या काळात याचं कोणाला नवल नव्हतं. ऐपत असलेली बाई रीतसर मागणी घालून दुसरी बाई बायको म्हणून घरात आणायची, आणि तिला होतील ती मुलं त्या घरची. आता लोकांना लाज वाटते. मला नाही वाटत.

मुलगी उगोमा, वय चोवीस. वडील नाहीत. काकांनी पाहुण्यांच्या मानाचं कोलाचं फळ फोडलं, तुकडे पुढे केले, खाकरले. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हाला सगळं ठाऊकच आहे." आहे ना. सात वर्षांपूर्वी तिचं नाव मीच शाळेतून काढलं. पोट दिसायला लागलं होतं. नियम होता. मूल पुढे मेलेलंच जन्मलं, आणि तेव्हापासून त्या दारात कोणी ताडी घेऊन गेलं नाही.

काका लगेच हो म्हणाले. मुलगी आतून पाणी घेऊन आली, ठेवलं, गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

८ फेब्रुवारी

फादर येऊन गेले. हे लग्न केलंत तर चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद बंद, महिला मंडळाचं अध्यक्षपदही जाणार. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. मी म्हटलं, "फादर, ओकेकेच्या दोन बायका आहेत. तो पहिल्या बाकावर बसतो." म्हणाले, "तो वेगळा विषय आहे."

असणारच!

१२ मार्च

झालं लग्न.

निळी लेस घातली, चष्मा पुसला. मागून कोणीतरी म्हणालं, "टोपी घाला ना बाई, नवरदेव ओळखू कसा येणार?" हसा लेको.

वधूच्या हातात ताडीचा पेला देतात आणि गर्दीतून नवरा शोधायला सांगतात. पुरुष हाका मारून तिला फसवायला बघतात. आज तर त्यांना ऊतच आला होता. "इकडे ये गं, मला निदान मिशी तरी आहे!" "तिकडे नको जाऊस, ती तुला पाढे विचारेल!" उगोमा कोणाकडे न बघता चालत होती. आणि मी आपली पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. एका खाकरण्यात अख्खी शाळा गप्प करणारी मी! ती समोर आली, गुडघे टेकले, पेला पुढे केला. मी एका दमात प्यायले आणि असा ठसका लागला की चष्मा खाली. मग जे हसू फुटलं, त्यात तीही हसली. जरासंच. पण मी बघितलं.

"असलं लग्न मी मानत नाही," म्हणणारा ओकेके जेवायला मात्र दोनदा बसला.

२ एप्रिल

तीन आठवडे झाले. घरात दोन माणसं आणि बोलणं नाही. "हो बाई." "नाही बाई." भेंडीचं कालवण फक्कड करते, सुकी मासळी सढळ हाताने घालते. आज पुस्तकांच्या कपाटासमोर उभी होती. विचारलं, हवंय का एखादं? म्हणाली, "राहिलेली परीक्षा द्यायचीय."

एवढंच. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

२० एप्रिल

ओकेके आज अगदी गोडीगुलाबीने आला. सोबत थोरला मुलगा, न्हाऊनमाखून, पावडर थापून. "वहिनी, झालं ते झालं. आता मूल तर व्हायला हवं. मग परक्याचं कशाला? आमचा हा आहे ना. घरचंच रक्त!" मुलगा जमिनीकडे बघत होता.

"ओकेके," म्हटलं, "मी बायको आणलीय, गाय नाही. तुझा वळू परत घेऊन जा." पाणीसुद्धा विचारलं नाही.

आतून हसण्याचा आवाज. उगोमा! अगदी खदखदून. या घरात असं कोणी हसल्याला किती वर्षं झाली! जेवताना तिला सरळ सांगितलं — माणूस निवडायचा की नाही ते तू ठरव, कोणता तेही तूच ठरव. मी विचारणार नाही.

१५ जून

जूड शिंपी माझ्या एका ब्लाउजसाठी चौथ्यांदा येऊन गेला. मी काय रोज जाड होतेय? बरा आहे मुलगा. दात स्वच्छ आहेत. मी उगोमाच्या अभ्यासाच्या वह्या तपासत बसले आणि मला काहीही दिसलं नाही.

३० ऑगस्ट

उगोमाला दिवस गेलेत.

आज भूमिती चालू असताना मध्येच म्हणाली, "बाई, तेव्हा तुम्ही मला भर वर्गात नाव पुकारून उठवलंत. ऑफिसात बोलावून सांगता आलं असतं."

मी म्हटलं, नियम होता.

"नाव पुकारायचा नियम होता?"

नव्हता. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "ते प्रमेय पूर्ण कर." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

२ सप्टेंबर

मागितली माफी. भेंड्या चिरता चिरता. ती म्हणाली, "बारीक चिरा."

२० मार्च

मुलगा! मुलगा! मुलगा!

सुईण म्हणाली, बाई, तुम्ही जरा बसा, तुम्हालाच चक्कर येईल. उगोमाची आई येऊन राहिलीय, मिऱ्यांचं झणझणीत सूप चुलीवर रटरटतंय. पिणारी उगोमा, घाम मला. नाव मी ठेवलं — ओबिएफुना. आमचं अंगण बुजू नये, असा त्याचा अर्थ. ओकेके बाळ बघायला आला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून गेला. आता घर बाळाचं! न्वाफोरच्या कबरीशी जाऊन त्याला मोठ्याने सांगितलं, आपण जिंकलो. शेजारणीने ऐकलं असेल तर ऐकू दे.

७ जून

झोप येणार नाही, म्हणून लिहिते.

जूडची माणसं आली. आई, दोन काका, ताडीचे चार घडे. आणि सगळ्यांच्या पुढे वाट दाखवायला कोण? ओकेके! भावकी गोळा करूनच आणली होती त्याने. "तरुण पोरं आहेत, वहिनी. संसार करू द्या त्यांना." उगोमाच्या लग्नात मी तिच्या घरच्यांना दिलं ते सगळं जूडकडचे परत करायला तयार आहेत. मुलगी द्या, मूल द्या. ओकेकेच्या जिभेवर नुसता मध. मूल गेलं की घर त्याचंच ना!

भावकीतले सगळ्यात वयस्कर ओझोएमेना काठी टेकत उठले. "मुलीला जायचं असेल तर जाऊ दे. मूल बाईंचं. ते या अंगणातून हलणार नाही. ही रीत आहे."

ओकेकेचा चेहरा खर्रकन उतरला. जूडच्या आईने तोंडावर हात ठेवला. मी जिंकले होते. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं.

मग उगोमाकडे नजर गेली. ती कोणाकडेच बघत नव्हती. बाळाला इतकं घट्ट धरलेलं की ते रडायला लागलं. हा चेहरा मी पूर्वी एकदा बघितलाय — भर वर्गात, मीच तिला उभं केलं होतं तेव्हा.

उठले. म्हटलं, "मूल आईचं. ती जाईल तिथे ते जाईल. आणि मला परत काही नको, एक दमडी नको."

एकच गलका. ओझोएमेना म्हणाले, "बाई, शुद्धीवर आहात ना? मग तुमच्यामागे हे घर?"

"ओकेकेचं. रीत आहे ना तशी!"

ओकेके हसला. "हसू नकोस," म्हटलं, "माझी आई अठ्ठ्याण्णव वर्षं जगली."

घरात येऊन ढसाढसा रडले. पण पश्चात्ताप नाही. नाही म्हणजे नाही! पलीकडच्या खोलीत ती सामान बांधतेय. आवाज येतोय. बाळ मजेत काहीतरी बडबडतंय, त्याला काय कळतंय.

८ जून

सकाळी जूड सायकल घेऊन दारात हजर. उगोमा बाळाला घेऊन व्हरांड्यात आली. गाठोडं खाली ठेवलं.

"याने भावकीला विचारलं. बाई, तुम्ही माझ्या काकांना विचारलंत. काल मला सोडलंत, तेही भावकीलाच सांगून. येतेस का, राहतेस का, हे मला अजून कोणी विचारलेलंच नाही."

जूडने विचारलं — येतेस का? मी विचारलं — राहतेस का? आवाज फाटला माझा. फाटू दे.

म्हणाली, "दोघं बाहेर बसा. विचार करून सांगते." आणि दार लावून घेतलं.

बाकावर बसलोय, मी आणि जूड. वही पिशवीत होती म्हणून बरं. दोन तास होऊन गेले. आतून कालवणाचा वास येतोय. किती माणसांचं शिजवतेय, ते बाहेरून कळत नाही.