न वाळणारी चादर

मंगळवार, जुलै २०१०. स्कारबरो.

चादर अजून ओलीच. सकाळी भिजवून खिडकीला लावली होती. नागपुरात उन्हाळ्यात घटकेत वाळायची, खोली गार व्हायची. इथली हवाच दमट, खोलीत नुसती वाफ. मुलगा म्हणत होता, "आई, खाली बेसमेंटमध्ये बस, तिथे गार असतं." मी ऐकते होय? उलट शेजारी एकट्या राहणाऱ्या पंजाबी म्हातारीला, बीजीलाही चादर लावायला शिकवून आले. संध्याकाळी गेले, तर बाई चक्कर येऊन जमिनीवर बसलेली. धरून आमच्या बेसमेंटमध्ये आणली, पाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर म्हणते, "नागपुरवाली, मुझे भाप में पकाना था क्या?" जीभ शाबूत आहे, म्हणजे जगेल. तिच्या खिडकीवरची चादर तशीच राहिली. ती अजून ओलीच असणार. आता बीजी इथे घोरते आहे. घोरणं थांबलं की लिहिता लिहिता उठून बघते.