आरसेवाल्याचे हात

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मंगळवारी सकाळी प्रार्थना आटोपली, हत्यारांची पेटी उचलली आणि नोंदणी कचेरीत गेलो. तिथल्या कपाटाची वाळवीने खाल्लेली खालची फळी बदलायची होती. माझी लेक घराण्याची वंशावळ लिहून काढते आहे आणि आजोबांच्या जागी तिने नुसती रेघ मारून ठेवली आहे. म्हणून काम झाल्यावर कारकुनाला विचारून मृत्यूंची जुनी वही उघडली. आजोबा सापडले. वय एकेचाळीस. धंद्याच्या रकान्यात लिहिलं आहे, आरशांना पारा लावणे.

मला आजवर वाटायचं, त्यांना धंदाच नव्हता. बाबांनी एवढंच सांगितलं होतं, की ते दारूपायी गेले आणि या घरात त्यांचं नाव घ्यायचं नाही. शेवटच्या आजारात त्यांनी माझ्याकडून तसा शब्दही घेतला. रोज सकाळी प्रार्थनेत मी गेलेल्या माणसांची नावं घेतो. बाबांचं नाव झालं की आजोबांना गाळून पणजोबांवर जातो. तो रकाना वाचल्यापासून मात्र तिथे अडखळायला होतं. पारा लावायचा म्हणजे ते दिवसभर नेमकं काय करत होते? आठवत असेल तर लिही.

जिना उतरताना कठडा धरत जा, शेजारणीने तक्रार केली आहे. तुझी माया आहेच, ती असू दे.

तुझा भाचा

११ जून

चि. कासवास,
अनेक आशीर्वाद.

शेजारणीला म्हणावं, तिच्या नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार मी अजून कुणाकडे केलेली नाही.

तुला घरात सगळे कासव म्हणायचे, कारण हाक मारल्यावर तू पोचेपर्यंत काम होऊन गेलेलं असायचं. आता साठ वर्षांनी माझ्या वडिलांपाशी पोचलास. ते आरशांच्या कारखान्यात जायचे हे खरं. काय करायचे ते कधी विचारलं नाही. संध्याकाळी भिंत धरत घरी यायचे. पेला तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडायचा. लाळ गळायची, चाळिशीच्या आत दात पडले. बाहेर मान खाली, घरात चमचा पडला तरी भडकायचे. तुझ्या बाबाला शाळेत दारुड्याचं पोर म्हणत. आईने एकदा तोंडावर विचारलं, पिऊन येता ना, तर हो म्हणाले. आता यावर आणखी काय शोधणार?

पंधराव्या वर्षी तुझ्या बाबाने सांगून टाकलं, घरात एक तर हे राहतील नाहीतर मी. ते मुकाट्याने कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेले आणि तिथेच संपले. दिलेला शब्द पाळ. लेकीला म्हणावं, रेघ बरी दिसते.

आत्या

२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुला न सांगताच राहावं, असंही मनात आलं. पण तसं राहवलं नाही.

त्या कारखान्यात तरुणपणी दोन वर्षं काढलेला एक म्हातारा सापडला. त्याने सांगितलं, की दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतून फडक्याने सारखा करायचा आणि वरून काच सरकवायची. धूळ बसू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण अंगात जाते. आधी हात थरथरतात. मग हिरड्या सुजतात, लाळ गळते, दात पडतात, चाल जाते. माणूस बुजतो आणि चिडतो.

हात गेले हे मालकाला कळलं की तो घरी बसवायचा. रात्रीची उतरली नाही म्हटलं, की दोन शिव्या मिळायच्या आणि काम चालू राहायचं. म्हणून तिथले सगळे दारुडे म्हणवून घेत. घरीही तेच सांगत, कारण पोरं बाहेर बोलतात. आजोबा त्याला आठवतात. थेंबही घेत नव्हते म्हणाला.

आत्या, एकच विचारतो. त्यांच्या तोंडाला कधी वास यायचा का?

तुझा भाचा

९ जुलै

चि. कासवास,
आशीर्वाद.

नाही. कधीच नाही. चार दिवस तेवढंच आठवून पाहते आहे.

तुझ्या बाबालाही सांगितलं नाही ते लिहिते. घर सोडल्यावर महिन्याभराने ते एका दुपारी आले होते. घरात मी एकटी, अकरा वर्षांची. कोपराने दार ठोकत म्हणाले, बाळ, लवकर उघड, हातातलं पडेल. मला वाटलं पिऊन आलेत. मी उघडलं नाही. थोड्या वेळाने काहीतरी फुटलं. मग पावलं लांब गेली. दार उघडलं तर फडक्यात बांधलेला छोटा आरसा होता, तुकडे झालेला. माझी उंची मोजून ते एकदा म्हणाले होते, तुला पुरेल असा एक करून देईन.

भावाला मी सांगितलं, की ते पिऊन आले आणि आरसा फोडून गेले. त्या दिवसापासून त्याने त्यांचं नाव टाकलं. तू दिलेला शब्द माझ्या त्या बोलण्यावर उभा आहे. एक तुकडा माझ्या पेटीत आहे. तो का ठेवला, तेव्हा कळलं नव्हतं.

काय करायचं ते तू ठरव. फक्त या वेळी उशीर करू नकोस.

आत्या

१४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र काल दुपारी मिळालं. तू अकरा वर्षांची होतीस, आणि आपण पितो हे तुम्हाला आजोबांनीच सांगितलं होतं. तुम्ही जेवावं म्हणून सांगितलं होतं. तुझ्या मनावरचं ओझं माझ्या लिहिण्याने उतरेल असं नाही. रविवारी येतो. त्या तुकड्यापुरती चौकट कापून ठेवली आहे. मागची बाजू खरवडू नकोस, त्या म्हाताऱ्याने बजावलं आहे.

लेकीने रेघ खोडून नाव लिहिलं आणि खाली धंदाही लिहिला. माझ्यावरची तुझी माया थोडी त्यांच्याकडेही वळू दे.

आज सकाळी प्रार्थनेला बसलो. बाबांचं नाव घेतलं, त्यांची क्षमा मागितली, आणि पणजोबांकडे जाण्याआधी आजोबांचं नाव मोठ्याने घेतलं.

तुझा भाचा